थांब म्हणायचं कुणी?

आज २८ मे. नवतपाचा चौथा दिवस. उत्तरेत सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढचे नऊ दिवस नवतपाचे धरतात. आपल्याकडेही रोहिणी म्हटलं की शेतकरी आभाळाकडे बघायला लागतो, पण तो पावसाच्या आशेने. इथे बिजौलीत लोक आभाळाकडे बघतच नाहीत, मान खाली घालून चालतात. झाशीहून बबिन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे आमचं गाव. थोडे कारखाने, थोडी शेती, उरलेला सगळा खडक. बुंदेलखंडचा हा ग्रॅनाइट दिवसभर तापतो आणि रात्री आपल्याला ती उष्णता परत करतो. त्यामुळे गच्चीवर झोपायचं म्हटलं तरी रात्री बारापर्यंत गादी गरमच लागते.

आज ठरवून एकच विषय घेतलेला नाही. उन्हाळ्याचा एक दिवस, त्यात पाहिलेलं, वाचलेलं, आठवलेलं, असं सगळं थोडंथोडं सांगणार आहे. मात्र सकाळी सव्वाअकराला आमच्या अंगणात एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळे सदतीस वर्षांपूर्वीची दुसरी एक वर आली. ती मी आजवर कुठे बोललेलो नाही. तिच्यापाशी येतोच.

सुरुवात पहाटेपासून करू. साडेचारला उठतो, ती फौजेची सवय. या दिवसांत फिरायला जायचं तर तीच वेळ. आमच्या इथून दिल्ली-मुंबईचा मुख्य रेल्वेमार्ग जातो. बिजौलीचं स्टेशन छोटं, मोठ्या गाड्या न थांबता धडधडत निघून जातात. त्यांतच आपली झेलम एक्सप्रेस, पुणे ते जम्मू तावी. महाराष्ट्रातल्या किती जवानांच्या सुट्टीची सुरुवात आणि शेवट या गाडीने पाहिला असेल, त्याची गणती नाही. मीही त्यांतलाच.

फिरताना रुळांशेजारी रोज एक कीमॅन भेटतो. खांद्यावर हातोडा आणि मोठा पाना, डोक्याला गमछा. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या पकडी तपासत, सैल झालेली ठोकत तो चालतो. आज म्हणाला, "साहब, आता दुपारचीही गस्त सुरू झाली."

दुपारची गस्त कशासाठी? पूर्वी रुळांच्या दोन तुकड्यांमध्ये फट असायची, गाडीचा तो खटक-खटक आवाज त्या फटींचा. आता मुख्य मार्गांवर रूळ वेल्डिंगने सलग जोडलेले असतात. लोखंड तापलं की लांबतं, हे आपण शाळेत शिकलो. एक किलोमीटर मोकळा रूळ तीस अंशांनी तापला तर सुमारे ३४ सेंटीमीटर लांबेल, शाळेच्या फूटपट्टीपेक्षा थोडं जास्तच. पण जोडलेला रूळ मोकळा नसतो, त्याला लांबायला जागाच नाही. मग तो ताण आतल्या आत साठतो. पकडी किंवा खडी कुठे ढिली असेल, तर तिथून रूळ वाकडा होऊन बाहेर येतो. उन्हातला रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंश जास्त तापतो, म्हणून दुपारच्या वेळी माणूस रुळावर चालवावा लागतो. गाडीत पडदा ओढून झोपलेल्या प्रवाशाला हे कळतही नाही. मी घरी जाऊन कूलरमध्ये पाणी भरणार होतो आणि हा गृहस्थ दुपारी त्या तापलेल्या लोखंडाशेजारून चालणार होता.

घरी येऊन पेपर उघडला. पहिल्या पानावर अर्थातच तापमान. झाशीकरांना आता या आकड्यांचा जरा अभिमानच वाटायला लागलाय. २०२४ साली आजच्याच तारखेला, २८ मेला, झाशीत ४९ अंश नोंदले गेले होते. त्या दिवशी शेजाऱ्याने मला फोन करून आकडा सांगितला होता, मुलाचे दहावीचे टक्के सांगावेत तसा. देशाचा विक्रम राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ रोजी ५१ अंश. मधे दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ दाखवून खळबळ उडवली होती. मग हवामान खात्याने तपासलं, तेव्हा यंत्रच तीन अंश जास्त दाखवत होतं.

हा आकडा मोजतात कसा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो उन्हातला नसतो, सावलीतला असतो. जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर झडपांची पांढरी लाकडी पेटी ठेवतात. आत हवा खेळते, पण ऊन शिरत नाही. तापमापक त्या पेटीत. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडचा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर. आणि गंमत म्हणजे 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. बापाने पेटी दिली, मुलाने खजिना.

तेव्हा पेपरात ४५ छापून येतं, ते पांढऱ्या पेटीच्या सावलीतलं असतं. डांबरावर उभा असलेला वाहतूक पोलीस, रुळावरचा कीमॅन, गच्चीवर स्लॅब टाकणारा मजूर, यांच्या वाट्याला त्याहून बरंच जास्त येतं.

न्याहारीच्या वेळी दूधवाला आला. त्याच्या खिशात कांदा. इकडे सगळे ठेवतात, विदर्भातही ठेवतात. लू लागत नाही म्हणे. खिशातल्या कांद्याने शरीराचं तापमान उतरतं याला काही आधार नाही. पोटात गेलेला कांदा, ताक, पन्हं, बेलाचं सरबत यांचा उपयोग आहे, कारण त्यांतून पाणी आणि थोडं मीठ-साखर जाते. मी त्याला कांद्याबद्दल काही बोललो नाही. ग्लासभर पन्हं दिलं. कांदा खिशात ठेवून का होईना, पण तो उन्हाचा विचार करतोय एवढं पुरे.

मीठ-साखर-पाण्यावरून एक नाव सांगून ठेवतो, डॉक्टर दिलीप महालनबीस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपल्या. या डॉक्टरांनी मीठ, साखर आणि सोड्याचं मिश्रण पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आज आपण दुकानात जाऊन जे ओआरएसचं पाकीट मागतो, त्याला जगभर मान्यता मिळण्यात या कामाचा मोठा वाटा. त्या युद्धाच्या रणगाड्यांच्या गोष्टी आम्ही पिढ्यानपिढ्या सांगतो, या पाकिटाची कुणी सांगत नाही. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मरणोत्तर.

आता झाशीत बसून उन्हाळ्याबद्दल बोलायचं आणि १८५८ची आठवण काढायची नाही, हे शक्य नाही. राणी लक्ष्मीबाईंची शेवटची लढाई आपण चित्रात पाहतो. पाठीला बांधलेलं मूल, उंचावलेले घोड्याचे पाय. त्या चित्रात ऊन नसतं. पण तारखा बघा. ह्यू रोजचं सैन्य झाशीपुढे आलं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. शहर पडलं एप्रिलच्या सुरुवातीला. राणी रात्रीच्या अंधारात किल्ल्यातून निघाल्या. कोंचची लढाई मेच्या पहिल्या आठवड्यात, काल्पीची मेच्या चौथ्या आठवड्यात आणि ग्वाल्हेर जूनच्या मध्यावर. म्हणजे सगळी मोहीम बुंदेलखंडच्या ऐन उन्हाळ्यातली. आपले वरसईचे गोडसे भटजी तेव्हा झाशीतच अडकले होते. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी या सुट्टीत वाचा.

फौजी माणूस म्हणून मला यातली एक गोष्ट फार विचार करायला लावते. कोंचच्या लढाईत खुद्द ह्यू रोज उन्हाने पुन्हापुन्हा कोसळला. त्याच्या अंगावर पाणी ओतून त्याला उभं करायचे आणि तो परत घोड्यावर बसायचा. त्याचे कितीतरी गोरे सैनिक गोळीने नाही, उन्हाने पडले. आपल्या बाजूच्या सेनानींनाही हे उमगलं होतं. गोऱ्यांशी सकाळी दहाच्या आत लढू नका, ऊन चढू द्या, असा त्यांचा हुकूम इंग्रजांच्या हाती लागला होता. ऊन हे हत्यार म्हणून वापरायचं ठरलं होतं! पण रोज थांबला नाही. पावसाच्या आत मोहीम संपवायची म्हणून त्याने माणसं उन्हात रेटली आणि लढाई जिंकला. जिंकल्यामुळे त्याचं रेटणं पराक्रम म्हणून नोंदलं गेलं.

आमच्या पिढीलाही साधारण हेच शिकवलं गेलं. जो थांबत नाही तो खरा सैनिक.

आता सव्वाअकराची गोष्ट.

आमच्या घराच्या कुंपणाची भिंत पावसाळ्यात एका बाजूला बसली होती. ती नव्याने बांधायचं काम कालपासून सुरू आहे. दोन गवंडी, दोन बिगारी. सगळे रोजंदारीवर. गवंड्याला सातशे, बिगाऱ्याला साडेचारशे. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मधे तासभर जेवणाची सुट्टी. ही वेळ मीच ठरवली होती, नेहमीची म्हणून. मी, ज्याने आयुष्यभर वेळापत्रकं आखली, त्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात ही वेळ न विचार करता ठरवली. हे आधीच कबूल करतो.

बिगाऱ्यांपैकी एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. महिनाभर गावी होता, घरात लग्न होतं, कालच कामावर आला. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. ओसरीवरचा तापमापक ४३ दाखवत होता. पोरगा घमेल्यातून मसाला नेत होता. एकदा त्याने घमेलं भिंतीच्या भलत्याच टोकाला नेऊन ओतलं, जिथे काम नव्हतंच. गवंडी ओरडला. तो काहीतरी उलट बोलला, नीट कळलं नाही. मग परत आला आणि पुन्हा तिथेच गेला.

मंडळी, बघणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. पोरगं नवं आहे, चुकलं. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. शिवाय खरं सांगतो, मनात हिशोबही आला. आज थांबवलं तर उद्यावर जाईल, परवावर जाईल. मग त्याचे डोळे दिसले. माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हतो. असे डोळे मी याआधी एकदा पाहिले आहेत.

१९८८ सालचा मे. मी तेव्हा कॅप्टन. युनिटचं नाव, जागा नको. दहा किलोमीटरची धावण्याची चाचणी होती, पाठीवर सामान आणि हातात रायफल. सुटायचं होतं पहाटे पाचला. ट्रक उशिरा आले, सुरू व्हायला साडेआठ वाजले. पुढे ढकलायचा अधिकार माझा होता. पण निकाल संध्याकाळी वर पाठवायचे होते आणि उद्या परत सगळी जुळवाजुळव करायची, या विचाराने मी म्हणालो, चला, होऊन जाऊ दे.

तुकडीत पाटण तालुक्यातला एक मुलगा होता. आमचा सगळ्यांत चांगला धावणारा. तीनच दिवसांपूर्वी सुट्टीवरून परतलेला. सातव्या किलोमीटरला तो मंदावला. मी जीपमधून खाली उतरून त्याच्याबरोबर धावत होतो. तो म्हणाला, "सर, जरा थांबतो." मी म्हणालो, "तीनच किलोमीटर राहिलेत. सातारचा आहेस ना?"

या वाक्यावर कुठला सातारचा पोरगा थांबेल? धावला. नवव्या किलोमीटरच्या पुढे पडला. मी धावत गेलो तर डोळे उघडे, माझ्यावर रोखलेले आणि मला विचारतोय, "आई, म्हशी सोडल्या का?"

नर्सिंग असिस्टंट हुशार होता. त्याने ट्रकमधले पाण्याचे जेरीकॅन मागवले, कपडे फाडले, अंगावर पाणी ओतत राहिला आणि वारा घालायला लावला. मी मात्र "गाडीत घाला, आधी हॉस्पिटल" म्हणून ओरडत होतो. त्याने माझं ऐकलं नाही, म्हणून तो मुलगा वाचला. हॉस्पिटलला पोचलो तेव्हाही ताप ४२ होता. मूत्रपिंडांवर परिणाम झाला. तीन आठवडे तिथे होता. पुढे वैद्यकीय श्रेणी खाली आली, धावणं कायमचं बंद. चौकशी झाली. ट्रक उशिरा आल्याची नोंद झाली. "सातारचा आहेस ना" याची नोंद कुठेच झाली नाही, कारण ते फक्त त्याला आणि मला माहीत होतं. तो हवालदार होऊन निवृत्त झाला. दर दिवाळीला फोन करतो. त्या दिवसाबद्दल तो कधी बोललेला नाही आणि मीही नाही.

आज सकाळी त्या बिगाऱ्याचे डोळे बघून मी ओसरीवरून उठलो. काम बंद केलं. त्याला कडुलिंबाखाली आणलं, शर्ट काढला, बागेचा पाइप अंगावर सोडला, बायकोने फ्रिजमधला बर्फ आणला, तो मानेला आणि काखेत धरला. दुसरा बिगारी पुठ्ठ्याने वारा घालत होता. पाच-सात मिनिटांनी पोराने नाव बरोबर सांगितलं. मग वीस मिनिटांनी पाणी मागितलं, तेव्हा मीठ-साखरेचं घोटघोट दिलं. तरीही गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. आता बरा आहे, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलाय.

परत आल्यावर मी गवंड्याला विचारलं, "त्याला बरं वाटत नव्हतं तर त्याने सांगितलं का नाही?" गवंडी म्हणाला, "बाबूजी, सांगितलं असतं तर तुम्ही घरी जा म्हणाला असता. अर्धा रोज कापला गेला असता."

मी काही बोललो नाही. कारण खरंच, मी तेच केलं असतं.

दुपारभर कूलरसमोर बसून याच दोन पोरांचा विचार करत होतो. एकजण अभिमानामुळे थांबला नाही, दुसरा साडेचारशे रुपयांमुळे. आणि दोघांच्याही बाबतीत शेवटच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट झाली. उष्माघात सगळ्यांत आधी डोक्यावर परिणाम करतो. आपण थांबायला हवं, हे ज्या मेंदूने ठरवायचं तोच बिघडतो. लोक सांगतात, घाम थांबला की उष्माघात समजा. ते नेहमी खरं नसतं. कष्ट करणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो. भलतं बोलणं, चिडणं, तोल जाणं, काम चुकणं, ही खूण पक्की.

तहानेवरही विसंबता येत नाही. पूर्वी फौजांमध्ये समज होता की सैनिकाला कमी पाण्यावर राहायची सवय लावता येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या एडवर्ड अॅडॉल्फ यांनी वाळवंटात सैनिकांवर प्रयोग करून हा समज खोडला. अशी सवय लागत नाही, फक्त माणूस लवकर पडतो. आणि पाणी समोर असलं तरी उन्हात काम करणारा माणूस जेवढं गमावतो त्यापेक्षा कमीच पितो, हेही त्यांना दिसलं. म्हणून पाणी प्यायचंही वेळेवर सांगावं लागतं. सवय लागते ती उन्हाची, आणि तिलाही एक-दोन आठवडे जातात. सुट्टीवर गेलं की ती उतरते. पाटणचा मुलगा तीन दिवसांपूर्वी आलेला, हा कालच आलेला. उन्हातल्या कामाचे पहिले काही दिवस सगळ्यांत धोक्याचे. हे मला १९८८ साली माहीत नव्हतं. आज माहीत होतं आणि तरी मी विचारलं नाही की बाबा, तू कधी आलास?

आणखी एक. नुसता आकडा बघून फसू नका. १६ एप्रिल २०२३ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं उघड्या मैदानात बसली होती. उष्माघाताने १४ जण गेले. त्या दिवशी तिथलं तापमान ३८च्या आसपास होतं. झाशीकर म्हणेल, ३८ म्हणजे आमचा फेब्रुवारी-मार्च! पण समुद्राकाठी हवा दमट, घाम वाळत नाही. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आमचा वाळ्याचा कूलर झाशीत चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारण हेच. १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन दलाच्या पॅरिस आयलंडच्या प्रशिक्षण केंद्रात रंगरूट उन्हाने पडायला लागले, तेव्हा त्यांनी एक नवं माप काढलं. त्यात ओल्या तापमापकाला सत्तर टक्के वजन, काळ्या गोलातल्या उन्हाच्या तापमापकाला वीस आणि साध्या तापमापकाला फक्त दहा. ठरावीक आकड्याच्या वर गेलं की कवायत बंद. सार्जंटच्या मर्दानगीला तिथे जागा ठेवली नाही, ही त्या मापातली खरी सुधारणा.

आणि आमच्या उत्तर प्रदेशात, १ जून २०२४ला लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याच्या मतदानात, निवडणुकीच्या कामावरचे ३३ कर्मचारी उन्हाने दगावले, असं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. खारघरचे भाविक उठून जाऊ शकत होते असं कुणी म्हणेल. पण श्रद्धेने आलेला माणूस सोहळा अर्धवट टाकून उठत नाही. ड्युटीवरचा कर्मचारी मतदान केंद्र सोडत नाही. माझा जवान मला नाही म्हणत नाही. बिगारी रोज बुडवत नाही. ज्याला थांबायची गरज आहे तोच थांबू शकत नाही. म्हणून थांबण्याचा हुकूम वरून यायला हवा. ज्याच्या हातात वेळापत्रक आहे त्याच्याकडून, ज्याच्या हातात पैसे आहेत त्याच्याकडून.

हे अशक्य नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्याने बंद असतं. आपल्या केरळात कामगार खातं दर उन्हाळ्यात दुपारची सुट्टी जाहीर करतं. अहमदाबादने २०१०च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ साली शहराचा उष्णता कृती आराखडा केला, देशातला पहिला. पण घराच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत कुठला आराखडा येणार? तिथला अंमलदार मीच.

तेव्हा संध्याकाळी गवंड्याला बोलावून नवा हुकूम दिला. उद्यापासून काम पहाटे साडेपाच ते अकरा. रोज पूर्ण. दर अर्ध्या तासाला पाणी, मी स्वतः घंटा वाजवणार. नव्या माणसाला पहिला आठवडा हलकं काम. पोरगा बरा होईपर्यंत त्याचा रोज चालू. सहा दिवसांचं काम नऊ दिवसांवर जाईल. मला साधारण सात हजार जास्त पडतील. गवंडी आधी संशयाने बघत होता, पुढे कुठेतरी पैसे कापणार म्हणून. मी आजचे पूर्ण पैसे हातात दिले, तेव्हा त्याला पटलं. पैसे न देता "सुट्टी घ्या" म्हटलं असतं, तर तो बाजूच्या गल्लीत दुसरीकडे दुपारी कामाला गेला असता. कोणाला सावलीत बसवायचं तर त्या वेळेचे पैसे द्यावे लागतात, हे माझ्या आत्तापर्यंत लक्षात आलं नव्हतं. फौजेत पगार महिन्याचा असतो ना.

जाताजाता कामाचं एवढं लक्षात ठेवा. उन्हात कोणी बरळायला लागलं, पडलं, तर आधी थंड करा, मग हलवा. सावली, कपडे काढा, पाणी ओता, वारा घाला, बर्फ मानेला, काखेत, जांघेत. १०८ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. हे मी माझ्या त्या नर्सिंग असिस्टंटकडून शिकलो आणि आज कामी आलं.

आणि आपल्या घरी, दुकानात, शेतात, सोसायटीत, लग्नाच्या मांडवात जो कोणी आपल्यासाठी उन्हात काम करतोय, त्याला एक प्रश्न विचारा, तू कधीपासून उन्हात आहेस? वॉचमन असेल, पार्सलवाला असेल, वऱ्हाडाच्या पुढचा बँडवाला असेल. त्या कोटातल्या बँडवाल्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं.

आता सूर्य मावळलाय. तापमापक अजून ३९ वर आहे. अर्धवट भिंतीवर गोणपाट ओलं करून टाकलंय. भिंतीला पाणी मारायला मी विसरलो नव्हतो, बघा. हे रेकॉर्डिंग झालं की मी पाटणला फोन करणार आहे. दिवाळी नाही, त्यामुळे तो विचारेल, "सर, आज कशी काय आठवण?" सुरुवात कशी करायची ते अजून ठरलेलं नाही. पण हा भाग तुमच्यापर्यंत पोचण्याआधी ते त्याला माझ्या तोंडून कळायला हवं.

पुढच्या भागात भेटू. पाणी पीत राहा, पाजत राहा. जय हिंद.